पुष्करची भिंत आणि माझी सुकट

पुष्करहून आल्यापासून ब्लाउजचं माप द्यायला येणारी प्रत्येक बाई आधी विचारते, "मग, कसं होतं वाळवंट?" गळ्यात टेप अडकवून मी प्रत्येकीला पहिल्यापासून सांगत बसले, तर लग्नसराईतलं एकही काम वेळेवर जायचं नाही. म्हणून एकदाच लिहून काढते. ज्यांना फिरायला जायचंय त्यांनी वाचावं, आणि ज्यांचं पोरगं तिकडे जाऊन बसलंय त्यांनी तर जरूर वाचावं.

आमचं पोरगं जाऊन बसलं होतं. सुजय. चित्रकलेचं शिक्षण घेतलं, अंधेरीला जाहिरातीच्या ऑफिसात लागला, आणि एक दिवस म्हणाला, "आई, पुष्करला एका रिसॉर्टच्या भिंती रंगवायच्यात, दोन महिन्यांचं काम आहे." दोन महिन्यांचं वर्ष झालं. गणपती गेले, दिवाळी गेली. फोन केला की एकच उत्तर, "येतो गं, एवढं संपलं की येतो." व्हिडिओवर दर वेळी केस आणखी लांब, आणि पाठीमागे हिरव्या रंगाची एक भिंत, तिच्यावर हाताच्या पंजासारखं भलंमोठं पान.

मला वाटलं, असेल काहीतरी नक्षी. पण माणिकपूरला माझ्या दुकानाशेजारी ग्लोरियाचं झेरॉक्सचं दुकान आहे, ती माझ्या खांद्यावरून डोकावली आणि म्हणाली, "अगं बाई, हे तर गांजाचं पान. माझ्या भाच्याच्या टी-शर्टवर होतं. त्याच्या बापाने तो शर्ट अंगणात जाळला." झालं. त्या दिवशी मी एका बाईची बाही दुसरीच्या ब्लाउजला लावली.

घरी येऊन मी यांना फोन दाखवला. आमचे हे अर्नाळ्याच्या बाजूला आमच्या वाडीत केळी, कागड्याची फुलं आणि भाजीपाला करतात. त्यांनी चष्मा लावून फोन लांब धरला आणि म्हणाले, "अगं, पन हे पान बघ जरा..."

"पान काय बघायचंय? पोराचे डोळे बघा, लाल झालेत," मी म्हटलं. ते बोलायला लागले की मी त्यांना गप्प करते, ही आमच्या घरातली जुनी रीत आहे.

तिकिटं काढली. सोबत घ्यायला वाडीतली केळी सुकवून केलेली सुकेळी, नारळाच्या वड्या आणि अर्नाळ्याच्या बाजारातली सुकट, म्हणजे सुकवलेली बारीक कोलंबी. निवडून, भाजून, लसणीचं तिखट घालून बरणीत घट्ट भरली. सुजयला सुकट असली की दुसरं काही लागत नाही. पोराला घरी आणायचं तर आधी त्याच्या नाकाला घराची आठवण द्यावी, असा माझा बेत होता.

लॉज

अजमेरला उतरून जीपने डोंगर ओलांडला की पुष्कर. पहिली निराशा तिथेच झाली. मी वाळवंट बघायच्या तयारीने गेले होते. डोळ्यांवर गॉगल, डोक्याला ओढणी. समोर आलं ते तळं, घाट, बाभळी आणि गुलाबाची शेतं. वाळू आहे, नाही असं नाही, पण ती गावाच्या कडेला, आणि तीसुद्धा नटवलेल्या उंटांच्या पायांखाली. अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर याहून जास्त वाळू माझ्या चपलेत येते. यांनी मात्र उतरल्या उतरल्या वाकून चिमूटभर माती उचलली आणि बोटांत चोळत म्हणाले, "गुलाब येतात म्हंजे पानी हाय खाली." त्यांची सहल तिथेच वसूल झाली.

सुजय स्कूटर घेऊन आला होता. मिठी मारली तेव्हा मी त्याचा शर्ट हुंगला.

"आई, तू माझा वास घेतेयस?"

"धुवायला झालाय का बघते."

त्याने माझ्याकडे असं बघितलं की मला पुढचं विचारता येईना. केस मानेवर बांधलेले, पायात काळा दोरा, आणि अंगात पोत्याच्या कापडाची ढगळ पँट. डोळे लाल नव्हते. पण तेवढ्याने समाधान होईल ती आई कसली?

त्याने आमच्यासाठी घाटाजवळचा एक लॉज बघून ठेवला होता. मालकीणबाई माझ्याच वयाच्या, घुंगटातल्या, बोलायला गोड. त्यांनी सुकेळी चाखली, आवडली, अर्धी पुडी ठेवूनही घेतली. मग त्यांचं नाक माझ्या दुसऱ्या पिशवीकडे वळलं.

"बहनजी, इसमें क्या है?"

मी खरं ते सांगितलं. "सूखी मछली है. बेटे के लिए."

बाई दोन पावलं मागे सरकल्या. "यहाँ अंडा भी नहीं चलता. यह तो ब्रह्माजी का गाँव है."

बरोबर आहे, मी म्हटलं. आम्हीही श्रावणात खात नाही, ज्याचं गाव त्याचा नियम. पण त्याच वेळी त्यांच्या मागे गॅलरीत दोन गोरी पोरं आणि एक दिल्लीकडचा मुलगा बसून चिलीम फिरवत होते, आणि तो धूर सरळ आमच्या खोलीत येत होता. मी तिकडे बोट दाखवलं.

"वो?" बाई हसल्या. "वो तो भोलेनाथ का प्रसाद है."

म्हणजे पोरं दिवसाढवळ्या झिंगून पडली तर प्रसाद, आणि माझी बरणीबंद सुकट म्हणजे पाप. मी वाद घालणार होते, पण सुजयने माझा दंड धरला. शेवटी बरणी त्याच्या स्कूटरच्या डिकीत गेली. पुढचे सगळे दिवस आम्ही तिघं त्या स्कूटरवरून फिरलो, आणि सिग्नल नसलेल्या त्या गावात थांबू तिथे मांजरं जमत होती.

बाजार

बाजार म्हणजे तळ्याभोवतीची एकच लांब गल्ली. तिच्यात विकायला काय आहे ते विचारू नका, पान आहे. पिशवीवर पान, कपावर पान, आरशाच्या चौकटीवर पान, चादरीवर, दिव्याच्या कागदी टोपीवर, जोड्यांवर पान. एका दुकानात तान्ह्या बाळाचं झबलंसुद्धा टांगलेलं होतं, छातीवर तेच. मी सुजयला विचारलं, "हे कोण घालतं बाळाला?" तो म्हणाला, "आई, ते फक्त डिझाइन आहे." डिझाइन म्हटलं की या पोरांचं सगळं माफ.

आणि शंकर. महाशिवरात्रीला तुंगारेश्वरला जाऊन आम्ही ज्याच्यापुढे बेल वाहतो, तो शंकर इथे टी-शर्टांवर चिलीम तोंडात धरून बसलाय. जटांतून गंगेऐवजी जांभळा धूर, धुरातून कुत्र्याच्या छत्र्या उगवलेल्या, आणि डोळ्यांत एकात एक रंगीत चक्रं. देवाचे डोळे इतके तारवटलेले मी आयुष्यात पाहिले नव्हते. यांनी तिथेही हात जोडले. मी म्हटलं, "शर्टाला काय नमस्कार करता?" ते म्हणाले, "कपडा कुठलाबी असो, शंकर तर तोच ना." मी पुढे चालू लागले.

भांगेच्या झाडाच्या धाग्याचं कापड तिथे फार मानाचं. एक जाकीट मी हातात घेतलं. शिवण उसवलेली, बटणांची काजं हाताने केलेली तीही वाकडी, आणि कापड असं खरखरीत की आमच्याकडे त्यात कांदे भरतील. किंमत ऐकली आणि परत खुंटीला लावलं. दुकानातली बाई म्हणाली, "आंटी, यह रफ ही फैशन है." मी काजं वाकडी केली तर माणिकपूरच्या बायका मला भर नाक्यावर सुनावतात. तिथे वाकड्या काजाला फॅशन म्हणून जास्त पैसे मोजतात.

त्या बाईकडे ठशांच्या ओढण्या मात्र सुरेख होत्या. तिने फळीवरून दोन लाकडी ठसे काढून दाखवले. दोन्ही पानाचेच. एकात पानाची बोटं बारीक, करवतीसारखी, एकमेकांपासून अगदी सुटी. दुसऱ्यात बोटं रुंद, तळाशी जोडलेली, आणि देठाला लाल रंग.

"यह नया है," ती दुसऱ्यावर हात ठेवून म्हणाली. "रिसॉर्ट की दीवार देखकर बनवाया. अब सब यही माँगते हैं."

रिसॉर्टची भिंत म्हणजे आमच्या सुजयची भिंत. तो लाजला. पोरगा नुसता बिघडला नाही, त्याने गाव बिघडवायला घेतलंय, असं मला त्या क्षणी वाटलं. हे दुसरा ठसा हातात घेऊन उलटसुलट करत होते. "अगं, हे पान..."

"ठेवा तो. चला," मी म्हटलं.

जाता जाता तुमच्या मनातल्या प्रश्नाचं उत्तर देते, कारण दुकानात प्रत्येकीने तो विचारलाय. नाही, आम्ही चुकून ती भांगेची लस्सी प्यायलो नाही. पोऱ्या विचारतो, सादी की स्पेशल. यांना दूध-दही पचत नाही, आणि मी चहाशिवाय बाहेर काही पीत नाही. खाण्याचे मात्र हाल झाले. दालबाटी पहिल्यांदा छान लागते. मालपुवा तर मी दोनदा घेतला. पण रोज रोज तूप, तूप आणि तूप. यांनी शेवटी ताटाकडे बघत विचारलं, "ह्या लोकांना आंबट काय म्हायतीच नाय का?" एकदा तर ते स्कूटरच्या डिकीजवळ नुसते उभे राहून श्वास घेताना मला सापडले.

भिंत

रिसॉर्ट गावाबाहेर. आमच्याकडे अर्नाळ्याला रिसॉर्ट म्हणजे प्लॅस्टिकच्या घसरगुंड्या, पाण्यात ओरडणारी माणसं आणि दुपारी बोंबिलाची थाळी. इथे मातीने लिंपलेल्या झोपड्या, तंबू, जमिनीवर गाद्या, आणि सगळीकडे अशी शांतता की शिंक आली तरी अपराधी वाटावं. गाद्यांवर पाहुणे आडवे पडलेले. भर दुपारी, धडधाकट माणसं, काही न करता. यांनी मला हळूच विचारलं, "आजारी हायेत का सगळी?"

आणि ती भिंत. फोनवर दिसते त्याच्या कितीतरी पट मोठी. या टोकापासून त्या टोकापर्यंत पानंच पानं, वाऱ्यात झुकलेली. मधून फांद्या, मागे उन्हात तापलेली माती. मी चिडलेली होते, तरी सांगते, भिंत सुंदर होती. म्हणूनच मला जास्त राग आला. एवढा हात असलेलं पोरगं, आणि काढतंय काय तर गांजा.

त्या दिवशी मी विचारायचं ठरवूनच गेले होते. सरळ विचारलं. "सुजय, तू ओढतोस?"

तो ब्रश धूत होता. थांबला. "म्हणून आलात तुम्ही?"

"वर्षभर घरी येत नाहीस. आम्ही काय समजायचं?"

"दोनदा ओढली," तो म्हणाला. "खोकला आला. झालं समाधान?" आणि मालकाने बोलावलं म्हणून निघून गेला.

दोनदा. आता हे खरं की खोटं? प्रत्येक आईला पोरगं 'दोनदा'च सांगतं. मी भिंतीसमोरच्या खाटेवर जाऊन बसले. मला रडू येत होतं आणि चीडही येत होती. समोर मुली येत होत्या, भिंतीला पाठ लावून, ओठांचा चंबू करून फोटो काढून जात होत्या. त्यांच्यातली एकही मागे वळून भिंत बघत नव्हती. मला तर दुसरं बघायलाच काही नव्हतं.

तर मी बघत बसले. आणि बघता बघता माझी बोटं आपोआप हलायला लागली, भाजी निवडताना हलतात तशी. देठ धरायचा, पान खुडायचं, जून काडी टाकून द्यायची. लालसर काडी. काडीवर बारीक काटे, ते बोटाला लागतात म्हणून जपून धरायचं. सुजयने ते काटेसुद्धा काढले होते. पानाची पाच बोटं, पण सुटी नाहीत, तळाशी जोडलेली, बदकाच्या पायासारखी.

"अहो," मी म्हटलं, "ही अंबाडी आहे."

हे माझ्या शेजारी शेंगदाणे खात बसले होते. "मग मी घरापासून काय सांगतोय? पान बघ, पान बघ. तू बोलू कुठं देतेस?"

मी कधी कुणासमोर हरले नाही असं नाही, पण यांच्यासमोर हरायची ती पहिलीच वेळ होती. मी त्यांच्या पुडीतले शेंगदाणे घेतले.

सुजय लहान असताना दुकानाच्या पायरीवर माझ्याशेजारी बसायचा. मी गिऱ्हाईक नसताना अंबाडी निवडायची, आणि हा पानांना रंग लावून लाद्यांवर ठसे उमटवायचा. मी किती ओरडलेय त्या लाद्यांवरून. खायला मात्र अंबाडी नको. ताटातली भाजी गुपचूप कोंबड्यांना घालायचा.

तो परत आला तेव्हा मी त्याला खाटेवर बसवलं. "हे पान तू कशावरून काढलंस?"

"कशावरून म्हणजे? फोनवर एकदा बघितलं. पाच बोटांचं पान, त्यात काय बघायचं? मला येतंच की, म्हणून फोन ठेवून दिला."

"खरं झाड बघितलंस कधी?"

"इकडे सगळं चुरगळलेलंच असतं, आई. झाड कोण बघतंय?"

"मग नीट बघ. कसलं पान आहे ते."

तो चिडून भिंतीकडे वळला. मग उठला. जवळ गेला. एका पानाच्या तळाशी बोट ठेवलं, दुसऱ्याच्या ठेवलं. बराच वेळ त्याची पाठच आमच्याकडे होती.

"देठ लाल का केलास?" यांनी विचारलं.

"देठ लालच असतो ना, पप्पा," तो म्हणाला, आणि तिथल्या तिथे खाली बसला.

मला वाटलं होतं, तो हसेल. त्याचा चेहरा पडला. वर्षभराचं काम, त्याच्या डोळ्यांसमोर चुकीचं. तो तडक मालकाकडे गेला, आम्ही मागोमाग. मालक झुल्यावर फोनमध्ये मान घालून बसले होते. सुजय म्हणाला, भिंत चुकलीय, पान दुसरंच आहे, मी पांढरी करून पुन्हा काढतो.

मालकांनी भिंतीकडे बघितलंही नाही. "अरे यार, पत्ता तो पत्ता है. फोटो आ रहा है ना? किसको पता चलता है?"

"मेरी माँ को पता चला," सुजय म्हणाला.

मालक माझ्याकडे बघून हसले, म्हाताऱ्या माणसांकडे बघून हसतात तसे. सुजय हसला नाही. बाहेर येऊन म्हणाला, "वर्षभर, आई. पूर्ण गाव त्या भिंतीसमोर फोटो काढतं. ठसे काढले, कप काढले, शर्ट काढले. एकाने बघितलं नाही."

त्याचं असं तोंड बघून माझा सगळा राग गेला. ओढतो की नाही, दोनदा की दहादा, हे विचारायची इच्छाच उरली नाही. जो मुलगा गांजा काढायला बसतो आणि हाताने आईची भाजी काढतो, तो किती लांब गेला असेल? मला खूप बरं वाटलं, आणि हे मी त्याला बोलूनही दाखवलं. तो म्हणाला, "तुला बरं वाटतंय, माझं नाक कापलं गेलं."

"मग पांढरी कर भिंत."

त्याने नकारार्थी मान हलवली. निघायच्या दिवशी सकाळी तो आम्हाला परत तिथे घेऊन गेला. पानांच्या मधून मधून त्याने फुलं काढली होती. फिकट पिवळी, मधोमध गडद तांबूस डोळा. अंबाडी फुलते तशीच. मालकाला फुलं आवडली म्हणे, रंग उठून दिसतो. दोन मुली येऊन त्या फुलांपुढे फोटो काढून गेल्या, मागे न बघता. मग सुजयने मला भिंतीपुढे उभं केलं. मला फोटोत हसता येत नाही. तो म्हणाला, "हसू नकोस. भिंतीकडे बघ फक्त." माझी पाठ आलेला तो एकच फोटो आमच्या फोनमध्ये आहे.

बरणी

अजमेरच्या फलाटावर त्याने डिकीतली पिशवी माझ्या हातात दिली. आत बरणी, अजून सीलबंद.

मी भडकलेच. "खाल्ली नाहीस? या बरणीसाठी मी त्या बाईचे टोमणे ऐकले, मांजरं अंगावर घेतली..."

"इकडे नुसती काय खाऊ? घरी ने. मी आलो की अंबाडीत घाल."

"तू अंबाडी खाणार?" हे म्हणाले.

"बघतो खाऊन. एवढी वर्षभर काढली तर चव तरी कळू दे."

गाडी सुटली. हे खिडकीशी बसून हिशोब करत होते. विहिरीचं पाणी आहे, कोपऱ्यातला वाफा मोकळा आहे, आता पेरली तरी पाला येतो, पावसाची वाट बघायला नको. घरी आल्या आल्या त्यांनी पेरलीही. रोज संध्याकाळी मला वाडीत नेऊन दाखवतात. सुरुवातीची पानं साधी, गोल येतात. बोटं मागाहून फुटतात, हे मला इतकी वर्षं निवडूनही माहीत नव्हतं, कारण इतक्या कोवळ्या अंबाडीकडे मी कधी बघितलंच नव्हतं. हे सांगतात, मी ऐकते. आमच्या घरातली रीत सध्या बदललीय.

ग्लोरिया रोज विचारते, पोरगा येणार की नाही. गेलं वर्षभर तो "येतो, येतो" म्हणत होता आणि माझा एकदाही विश्वास बसला नाही. या वेळी त्याने काय शिजवायचं ते सांगितलंय. बरणी वरच्या फळीवर आहे. कालच हे स्टूल घेऊन तिच्याखाली उभे होते. मी सांगितलं, वाफ्यातल्या पानांना बोटं फुटली, पोरगं पाटावर बसलं, की मग उघडायची. तोवर तिला हात लावलात, तर मी आहे आणि तुम्ही आहात.